उतरलेला गंधार

माझ्या हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत एकोणतिसाव्या आणि तिसाव्या पानावर चौऱ्याऐंशी आकडे लिहिलेले आहेत. निळ्या शाईत, रेघा आखून, माझ्याच अक्षरात. त्यातला एकही आकडा चुकलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माप चुकल्यामुळे झालं असं कोणाला वाटू नये.

वही बँडची आहे. मी तेरा वर्षं मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो आणि त्यातली शेवटची सात वर्षं एका बँडचा प्रमुख. आम्ही पाच जण होतो. कीबोर्डवर मी, ड्रमवर श्रीलंकेचा एक गवंडी, गिटारवर केरळचा एक इलेक्ट्रिशियन, बेसवर फिलिपिन्सचा एक ड्रायव्हर आणि गायला आमच्याच बाजूची, तेलंगणातल्या मंचेरियलची, एक नर्स. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. ती मला अण्णा म्हणायची. आपसात आम्ही हिंदी बोलायचो, ज्याची त्याची हिंदी.

सराव शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी चार ते सात, गोदामातच व्हायचा. मॅनेजरनं परवानगी देताना एकच अट घातली होती, की गोदाम उघडताना एकही डबा जागेवरून हललेला दिसता कामा नये. रंगाचे डबे तिसऱ्या रांगेत होते. ड्रम जोरात वाजला की वीस लिटरचे डबे एका ठरावीक सुरावर गुणगुणायला लागत. तो सूर मी मोजून काढला आणि त्या सुरातली गाणी पहिल्या रांगेत, सिमेंटच्या पोत्यांशेजारी वाजवायची असा नियम केला. पोती आवाज पितात.

दुसऱ्यांची गाणी आम्ही वाजवत नव्हतो. त्यामुळे लग्नाला आणि कंपन्यांच्या पार्ट्यांना आम्हाला कोणी दोनदा बोलवत नसे. चाली आमच्या, हॉल आम्हीच शोधायचा, खुर्च्या आम्हीच मांडायच्या. सात वर्षांत एकशे बारा कार्यक्रम झाले. प्रत्येकाची नोंद वहीत आहे, म्हणजे गाण्यांचा क्रम, लय, किती मिनिटं, किती माणसं. सगळ्यात कमी माणसं नऊ होती आणि त्यातली दोघं आमच्यानंतरच्या कार्यक्रमासाठी लवकर येऊन बसलेली होती.

प्रमुख म्हणून मी कडक होतो. टकटक करून लय दाखवणाऱ्या मेट्रोनोमशिवाय कोणाला वाजवू दिलं नाही. एखाद्या गाण्याची लय मिनिटाला ब्याण्णव ठरली असेल तर शेवटच्या ओळीला ती चौऱ्याण्णव झालेली मला चालत नसे. ड्रमर वैतागायचा. "भाईसाब, गाना है ये, स्टॉक नहीं है," म्हणायचा. मी हसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचो. त्या चार भिंतींत मी जितका सुखी होतो तितका आयुष्यात कधीच नव्हतो, हेही इथं प्रामाणिकपणे लिहायला हवं.

चाली मात्र मला गोदामात सुचत नसत. त्या गावाकडून यायच्या. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथपासून नऊ किलोमीटर. बाबा कापूस आणि ज्वारी करायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर भजनी मंडळात पेटी घेऊन बसायचे. आमच्याकडे भजन खंजिरीवर चालतं. खंजिरी वाजवणारे काका बाबांचे लहानपणापासूनचे जोडीदार, शेताला शेत लागून. गाणं बाबांचं, ठेका काकांचा. चाळीस वर्षं त्यात बदल झाला नाही.

मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इथं सात वाजले की तिथं साडेपाच. दर गुरुवारी मी फोन लावायचो आणि कोणीतरी तिकडचा फोन टाळांच्या पिशवीला टेकवून ठेवायचं. मी वीस-पंचवीस मिनिटं ऐकायचो, वही उघडून. बाबांनी एखादी ओळ नवीन जागेवरून वळवली की तिचे स्वर लिहून घ्यायचो. आमच्या बँडच्या एकोणीसपैकी तेरा गाण्यांची चाल त्या ओट्यावरून आलेली आहे. आवाज मात्र मी कधी साठवून ठेवला नाही. फोनवरचा आवाज रेकॉर्ड करण्याच्या लायकीचा नसतो, असं माझं मत होतं.

बँडच्या चौथ्या वर्षी आम्ही ठरवलं, की सहा गाणी नीट रेकॉर्ड करून, कुठल्याही कंपनीकडे न जाता, आपणच इंटरनेटवर टाकायची. पाच गाणी आमची. सहावं बाबांनी स्वतः रचलेलं एक भजन, पाऊस लांबलेल्या वर्षी पऱ्हाटीच्या तासात, कपाशीच्या दोन ओळींमध्ये, उभ्या उभ्या सुचलेलं. ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच पेटीवर घ्यायचं आणि मागून हळूहळू आमचा बँड येणार. कल्पना मंचेरियलच्या नर्सची. दर गुरुवारी माझ्या फोनवर ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. "अण्णा, नान्ना आगे, हम पीछे," ती म्हणाली. नान्ना म्हणजे तेलुगूत वडील.

त्या वर्षी मला सव्वीस दिवसांची रजा होती. पहिले तीन दिवस आदिलाबादच्या घरी बायकोजवळ काढून चौथ्या दिवशी मी गावी गेलो आणि ओसरीत बाबांची पेटी काढून बसलो. साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची. आत प्रत्येक पट्टीसाठी दोन, असे पितळेचे चौऱ्याऐंशी तुकडे. त्यांनाच पेटीवाले सूर म्हणतात. मोबाइलमध्ये सूर मोजायचं यंत्र उतरवून घेतलं होतं. एकेक पट्टी दाबायची, सुई बघायची, लिहायचं. एका सुरापासून लगतच्या सुरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग करतात, त्यातल्या एकाला सेंट म्हणतात. सुई सेंटमध्ये चूक दाखवते.

बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काऊन रे, पेटीले ताप आला का?"

"मोजतोय, बाबा. बँडशी जुळली पाहिजे."

"मंग किती हाय?"

"वीसनं कमी."

"कमीच बरा. जास्त असता तं डॉक्टर लागला असता."

खंजिरीवाले काकाही आले होते. ओसरीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. "इमानातून येऊन पेटी मोजून राह्यला," ते बाबांना म्हणाले. "उद्या मायी खंजिरी बी तराजूत टाकीन. तुले येक सांगू का? याले भजनाले बसवू नोको. देवाचं बी वजन करंन."

आम्ही तिघंही हसलो. मी लिहीत राहिलो.

पूर्ण पेटी वीस सेंटनं खाली होती. जुन्या पेट्या असतात. पण बाबांच्या षड्जापासून धरलेला गंधार त्याच्याही खाली, चौतीसवर होता. म्हणजे बाकीच्या पेटीपेक्षा चौदा सेंटनं उतरलेला. निषादही तसाच, बारानं. मला वाटलं, हे दोन सूर वापरून झिजलेत. मी त्या आकड्यांभोवती लाल गोल केला.

माझ्या कीबोर्डला एक बटण आहे. ते दाबलं की अख्खा कीबोर्ड हवा तितक्या सेंटनं खाली आणता येतो. गिटारच्या तारा खाली उतरवता येतात, बेसच्याही. बाबांच्या पेटीला हात न लावता आम्हा सगळ्यांना तिच्यापर्यंत येता आलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पण जे चुकलंय ते दुरुस्त करायचं, बरोबर आहे ते चुकीच्याला जुळवून घ्यायचं नाही, अशी माझी आयुष्यभराची सवय. गोदामात यानंच माझं नाव झालं होतं.

भात्याला खरंच भोकं पडली होती. "भाता दुरुस्त करून आणतो," मी बाबांना म्हणालो. "आण," ते म्हणाले. सुरांचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते "कायले?" म्हणाले असते, आणि त्याला माझ्याकडे उत्तर असलं तरी ते त्यांना पटलं नसतं.

पेटी घेऊन मी नांदेडला गेलो. पेट्या दुरुस्त करणारा साठीचा, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यानं भाता पाहिला, मग माझी वही पाहिली, मग वही बाजूला ठेवून तोच गंधार तीन वेळा वाजवला.

"ही पेटी कोणी लावलीय?"

"माहीत नाही. माझ्या लहानपणी झोळी घेऊन एक जण गावोगाव फिरायचा. त्यानं असेल."

"माणूस जाणकार होता, साहेब. हा गंधार झिजलेला नाही. मुद्दाम खाली ठेवलाय. गाणाऱ्याचा गळा ऐकून लावलीय ही." त्यानं चष्मा कपाळावर घेतला. "तुम्हाला पेटी वर पाहिजे ना? सगळीच्या सगळी वीसनं वर नेतो. पण हे दोन सूर आहेत तिथंच राहू देतो, बाकीच्यांच्या मानानं. चालेल?"

"नाही," मी म्हणालो. "सुई मधोमध आली पाहिजे. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी."

"पितळ आहे. घासलं की घासलं. परत चिकटवता येत नाही."

"माहीत आहे मला."

त्यानं पेटी ठेवून घेतली. पाच दिवसांनी मी पेटी आणली. सुई मधोमध होती. मी प्रत्येक सूर तपासला आणि वहीत त्या चौऱ्याऐंशी आकड्यांपुढे दुसऱ्या रकान्यात चौऱ्याऐंशी शून्यं लिहिली. तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

गुरुवारी ओट्यावर बाबांनी पेटी उघडली, भाता मारून पाहिला, "चांगला भरते आता," म्हणाले. मग सूर धरला आणि पहिली ओळ उचलली. अर्ध्यात थांबले. खाकरले. काकांनी खंजिरी थांबवली नाही, नुसती बारीक केली, वाट बघत राहिले. बाबांनी पुन्हा उचलली. त्याच जागेवर पुन्हा थांबले. पेटीकडे बघितलं, मग डावीकडे मान करून ऐकल्यासारखं केलं, जसं कोणी हाक मारली की काय असं वाटल्यावर माणूस करतो.

"आज गळा बसला," ते म्हणाले. "तुमी म्हना."

दुसऱ्यांनी म्हटलं. बाबा टाळ घेऊन बसले.

मला वाटलं, थंडी आहे. रेकॉर्डिंगसाठी मी घरातल्या मधल्या खोलीत खिडकीला गोधडी बांधली, पंखा बंद केला, दाराला फडकं लावलं. बाबा धुतलेलं धोतर नेसून बसले. सात वेळा घेतलं. पहिल्या तीन वेळा ते त्याच जागी अडखळले. चौथ्या वेळेपासून त्यांनी पेटी ऐकून, तिच्यावर नजर ठेवून, तिच्या मागे मागे गायला सुरुवात केली. सातवं बिनचूक आलं. मी यंत्रावर तपासलं, सुई हलली नाही.

"झालं का?" बाबांनी विचारलं.

"झालं. एकदम बरोबर."

"बरं," ते म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले.

बायको आदिलाबादच्या घरून दोन दिवसांसाठी गावी आली होती. ती शाळेत शिकवते, तिला वर्गातलं न बोललेलं ऐकू येतं. रात्रीच्या भाकरी करताना तिनं विचारलं, "पेटीचे सूर बदलायचे हे तुम्ही बाबांना विचारलं होतं?"

"सुधारलेत, बदलले नाहीत."

"ते मी नाही विचारलं," ती म्हणाली.

मस्कतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी सिमेंटच्या पोत्यांशेजारी स्पीकर मांडून मी सगळ्यांना ते भजन ऐकवलं. चार मिनिटं अकरा सेकंद. संपल्यावर ड्रमर काठ्या मांडीवर ठेवून बसला होता.

"भाईसाब, पिताजी बीमार थे क्या?"

"नहीं तो."

"किसी से डर के गा रहे हैं."

मी नर्सकडे बघितलं. ती गोदामाच्या दाराकडे बघत होती. "अण्णा, फोन पे नान्ना को सौ बार सुना है," ती म्हणाली. "वहाँ बकरियाँ चिल्लाती थीं, कोई खाँसता था, पर वो ऐसे नहीं थे. ये मैं नहीं गाऊँगी उनके पीछे. माफ करना."

मी तिला यंत्रावरची सुई दाखवली. तिनं ती बघितलीही नाही. आमचा संच पाच गाण्यांचाच निघाला.

त्यानंतरच्या गुरुवारी फोन लावला तर पेटीचा आवाज नव्हता. नुसती खंजिरी आणि टाळ. बाबा म्हणाले, हात दुखून राह्यला. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाले, पेटीची किल्ली सापडून नाही राह्यली. त्या पेटीला कुलूप नव्हतं. असे नऊ गुरुवार गेले. दहाव्या गुरुवारी फोन काकांनी घेतला आणि ओट्यापासून लांब, चिंचेखाली गेले असावेत, कारण टाळ दूर गेले.

"काऊन केलं रे तू असं?"

"काय केलं, काका?"

"थो गंधार काऊन काढला?"

मी म्हणालो, "तो उतरलेला होता."

"उतरेल नव्हता. उतरवेल होता. तुले कोनं सांगतलं का?"

मग त्यांनी सांगितलं. झोळीवाला पेटी लावायला आला तेव्हा दोन दिवस आमच्या ओसरीत राहिला होता. बाबा दिवसभर शेतात. माय अंगणात ज्वारी पाखडता पाखडता बाबांचीच भजनं म्हणत होती. ती मंडळात कधी गायली नाही, बायका तेव्हा ओट्यावर बसत नसत. झोळीवाल्यानं तिचं ऐकत ऐकत पेटी लावली. संध्याकाळी बाबा आले तेव्हा म्हणाला, तुमच्या घरचा गंधार इथं आहे, मी तो पेटीत ठेवलाय. बाबा त्या दिवसापासून त्याच्यावर गात आले.

माय जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"दर गुरुवारी थो तिच्यासंगं गात होता, लेका," काका म्हणाले. "मी समोर बसून पाह्यलं हाय. तू पुसून टाकलं. येवढं शिकून."

त्यांनी फोन ठेवला. 

नंतर मी वाचलं. माणसाचा गळा मोकळा सोडला तर गंधार चौदा सेंटनं खालीच बसतो. यंत्र धरतं तो गंधार कीबोर्डच्या सोयीसाठी वर चढवलेला असतो. निषादाचंही तसंच, बारा सेंट. म्हणजे मायचा आकडा बरोबर होता, एक सेंटही इकडे तिकडे नव्हता, आणि ज्याच्याभोवती मी लाल गोल केला ती चूक नव्हतीच. हे कळून मला बरं वाटलं नाही.

पण माझ्याकडे वही होती. चौऱ्याऐंशी जुने आकडे माझ्या हातात होते. मी स्वतःला सांगितलं, ज्यानं मोजून घालवलं तो मोजून परतही आणेल. पुढची रजा दोन वर्षांनी होती. मी मॅनेजरकडे अर्ज केला, दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा अठरा दिवस मिळाले. त्यात चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत मी एकही नवीन चाल केली नाही. शुक्रवारी चार वाजता सगळे जमायचे, मी जुनंच वाजवून घ्यायचो. ड्रमर लय पळवायचा आणि मी थांबवत नव्हतो. थांबवत नाही म्हटल्यावर तो आपणच हळू व्हायचा आणि माझ्याकडे बघायचा.

नांदेडच्या त्या माणसानं मला ओळखलं. मी वहीचं पान त्याच्यापुढे ठेवलं.

"आता हे पाहिजे," मी म्हणालो. "डावीकडचे आकडे."

त्यानं एकदाही "सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. आठ दिवस लागले. पितळ दुसऱ्या टोकानं घासावं लागलं, त्यामुळे पातळ झालं. तीन सूर तुटले, त्यांच्या जागी दुसऱ्या जुन्या पेटीतले घातले. तुटलेल्या तिघांत एक गंधार होता. मी त्याच्या दुकानात बसून प्रत्येक सूर मोजला. उणे वीस, उणे चौतीस, उणे बत्तीस. एक-दोन ठिकाणी एखाद्या सेंटचा फरक होता, तोही मी काढून घ्यायला लावला.

बाबांपुढे पेटी ठेवली तेव्हा दुपार होती. मी त्यांना सगळं सांगितलं. काकांनी फोनवर सांगितलेलं, यंत्राचं, पुस्तकातलं. माफी मागितली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, जसं लहान मूल जास्त बोलत असलं की थांबवतात, आणि गंधार दाबला. बराच वेळ दाबून धरला. भाता रिकामा झाला, सूर बारीक होत बंद पडला. पुन्हा भरला, पुन्हा दाबला.

"बाबा, तोच आहे ना?"

"तू मोजला ना?"

"मोजला."

"मंग बरोबरच असंन," ते म्हणाले.

आवाजात टोमणा नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यासाठी ते भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, कुठंही न अडखळता. संपल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला, पेटी बंद केली, वरून मायच्या जुन्या लुगड्याचं फडकं घातलं, जसं नेहमी घालायचे. गुरुवारी ओट्यावर जाताना मात्र पेटी घेतली नाही.

"खंजिरीवरच बरं चालते आता," ते म्हणाले. "सवय झाली."

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. ओट्यावर जायचे, टाळ धरायचे. पेटी मी असतानाच्या त्या दुपारनंतर उघडली नाही, असं काका सांगतात. बाबा गेले तेव्हा मी मस्कतला होतो. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

तेराव्यानंतर परत गेलो, पण बँड माझ्या हातून चालेना. प्रमुखाचं काम काय, तर चार माणसं वाजवत असताना कुठं काय चुकतंय ते ऐकणं आणि सांगणं. मला चूक ऐकू यायची, पण ती चूकच आहे असं म्हणायला तोंड उघडत नव्हतं. एकशे बाराव्या कार्यक्रमानंतर मी गोदामाची किल्ली आणि मेट्रोनोम नर्सच्या हातात दिले. करार संपल्यावर आदिलाबादला घरी आलो. ते चौघं अजून वाजवतात. मेट्रोनोम लावतात का, हे मी विचारलेलं नाही.

पेटी आता आमच्या आदिलाबादच्या घरी आहे. महिन्यातून एकदा मी तिचे सूर मोजतो. पातळ पितळ हलतं, पण फार नाही. गंधार उणे चौतीसवरच आहे. मी तो ऐकतो आणि मला काहीही कळत नाही. कितीतरी वर्षं दर गुरुवारी तो माझ्या कानावर पडत होता आणि मी वहीत मान घालून स्वर लिहीत होतो. मायचा आवाज आठवायला बसलो की तिचे शब्द आठवतात, जेवायला बोलावताना दिलेली हाक आठवते, सूर आठवत नाही. तो तोच आहे का, हे सांगू शकणारी माणसं तीन होती. त्यातली दोन गेली.

गेल्या महिन्यात काका डोळे दाखवायला आदिलाबादला आले होते. मोतीबिंदू आहे. दवाखान्यातून मी त्यांना घरी आणलं, जेवू घातलं आणि मग पेटी त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, एकदा ऐका. तुम्ही म्हणाल ते खरं."

"आता कायले, लेका?"

"एकदाच."

मी गंधार दाबला. काकांनी डोळे मिटले. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायला गेली आणि थांबली. "पुन्हा," म्हणाले. मी पुन्हा दाबला. असं पाच वेळा झालं. स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती, बायको दारात येऊन उभी होती.

"जवळ हाय," काका म्हणाले.

"किती जवळ?"

माझ्या तोंडून ते निघून गेलं. काकांनी डोळे उघडले. मोतीबिंदूमुळे त्यांना मी नीट दिसत नसणार, तरी ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत.

"तुही माय जाऊन किती वर्स झाले?"

"अकरा."

"तेवढा जवळ," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "सूनबाई, च्या ठेव वं. बिनसाखरेचा."

मी भात्याचा हूक लावला आणि पेटीवर लुगड्याचं फडकं घातलं.